आतोबांची पेशी

माझ्या आतोबांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट मुकाट्याने सोसली नाही, आणि जी एकच सोसली ती मुळीच सोसायला नको होती.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. जन्म हैदराबादचा, वकिली हैदराबादच्या दिवाणी कोर्टात. शाळा उर्दूतून झाली, कायदा इंग्रजीतून शिकले, भांडत दखनीतून, आणि भांडून दमले की मराठी बोलत. त्यामुळे आम्हा घरच्यांच्या वाट्याला त्यांची मराठी नेहमी दमलेली आणि तक्रारखोरच आली. बेगम बाजारातून आणलेल्या जिऱ्यात काडी निघाली, की ती काडी चिमटीत धरून ते अंबरपेठेहून परत बेगम बाजारात जात आणि दुकानदाराला विचारत, "ही तुम्ही जिऱ्यात विकली, की जिरे हिच्यात विकले?" बस थांब्याच्या पुढे जाऊन थांबली की ते धावत नसत. थांब्यावरच उभे राहून बस मागे यायची वाट पाहत, आणि ती आली नाही की कंडक्टरच्या नावाने जे बोलत ते शेजारी उभ्या असलेल्या निरपराध माणसाला ऐकावे लागे. आरतीत कुणी शब्द खाल्ला तर टाळ्या थांबवून त्याला तो परत म्हणायला लावत. आत्या म्हणायची, "यांना सकाळी चहाबरोबर एक अन्याय लागतो. नाही मिळाला तर दिवसभर तोंड आंबट."

या माणसाच्या तोंडी दिवसातून अनेकदा एक शब्द येई. पेशी. आमच्याकडे कोर्टातल्या सुनावणीला पेशी म्हणतात. निजामाच्या काळापासूनचा शब्द आहे, आणि जुन्या मराठी घरांतून अजून तो सर्रास वापरतात. पण आतोबांच्या घरात त्याला दुसरा अर्थ होता. गप्पा चालू असताना ते एकदम उठत, धोतराचा सोगा सारखा करत, "पेशी आहे," म्हणत आणि मोरीकडे जात. कोर्टात असताना अशिलासमोरून उठायला सोय म्हणून काढलेला हा शब्द पुढे घरी आला आणि त्याच्याबरोबर सगळी कचेरीच आली. मोरीतून ते समाधानाने बाहेर आले तर "निकाल लागला". थोडक्यावर भागले तर "अंतरिम हुकूम". येऊन बसले आणि लगेच परत जावे लागले तर "अपील". आणि बराच वेळ उभे राहून काहीच झाले नाही तर "तारीख पडली". आत्या भाजी निवडता निवडता मान वर न करता विचारायची, "काय झालं?" ते म्हणायचे, "तारीख." ती म्हणायची, "मग बसा जरा. घाई करू नका. पुन्हा पुकारा होईल." दोघांपैकी कुणीही हसत नसे. कोर्टात हसायची पद्धत नाही.

बाहेरच्यांना यातले काही कळत नसे. त्यांच्या शेजारी एक तेलुगू गृहस्थ राहायला आले होते. बँकेतून निवृत्त झालेले, सालस. एकदा जिन्यात भेटले तेव्हा मला आदराने म्हणाले, "आपके अंकल बहुत बिझी वकील हैं, मॅडम. इत्ती उमर में बी दिन भर पेशियाँ. कल मेरे घर कॉफी पीने आए, दो बार उठ के जाना पडा." मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. निवृत्त वकिलाची एवढी इज्जत राहते आहे तर राहू द्यावी, असे वाटले.

लग्नाला गेले की आतोबा आधी मोरी पाहत आणि मग नवरामुलगा. एका भाचीच्या लग्नात सगळे जावयाच्या नोकरीचे कौतुक करत होते, तेव्हा हे हॉलच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "पोरगा इंजिनियर आहे, फार छान. पण पुरुषांची मोरी कुठं ठेवलीय यांनी? दुसऱ्या मजल्यावर. म्हाताऱ्यांनी काय विमानानं जायचं?" व्याख्यानाला त्यांना दाराजवळची शेवटचीच खुर्ची लागे, आणि तिच्यावर कुणी बसले असेल तर ते त्याला उठवत. आमच्या मराठी ग्रंथालयात एका पाहुण्या वक्त्याचे भाषण ऐन रंगात आले असता हे उठून बाहेर गेले. वक्त्याला वाटले, निषेध केला. भाषण संपल्यावर तो बिचारा नम्रपणे त्यांच्याजवळ आला आणि म्हणाला, "माझा कुठला मुद्दा आपल्याला खटकला?" आता खरे कारण सांगायचे कसे? मग आतोबांनी एक मुद्दा शोधला. तो त्यांना इतका पटला, की तो खोडायला त्यांनी भाषणापेक्षा जास्त वेळ घेतला.

आम्ही हसलो. पुष्कळ हसलो. पण आता हे लिहिताना मला हसू येत नाही, राग येतो. आपल्याकडे पुरुष साखरेबद्दल बोलतो, रक्तदाबाबद्दल तर पदवी मिळाल्यासारखा बोलतो. छातीत दोन स्प्रिंगा बसवल्या की घरी आलेल्या प्रत्येकाला फिल्म उजेडात धरून दाखवतो. पण कमरेखाली गेले की त्याचे तोंड मिटते. ज्या देशात पुरुष भर रस्त्यात भिंतीकडे तोंड करून खुशाल उभे राहतात, त्या देशात त्यांना दवाखान्यात तेवढा एक शब्द उच्चारता येत नाही. भिंतीची लाज नाही आणि डॉक्टरची लाज. याला काय म्हणावे मला अजून कळलेले नाही.

मग आत्या गेली. त्यानंतर आतोबा हळूहळू आवरत गेले. लग्नांना जाईनात. व्याख्यानांना जाईनात. रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तके मांडतात, तिथे आम्ही दोघे वर्षानुवर्षे जात होतो, तेही बंद झाले. पाणी पिईनात. ओठ सुकलेले असत. विचारले तर म्हणत, "तहान लागत नाही." आणि सर्वांत विलक्षण म्हणजे ते तक्रार करीनात. बसवाले, दुकानदार, महानगरपालिका, सगळ्यांना एकदम माफी मिळाली. त्यांच्या मुलाचा बंगळुरूहून मला फोन आला. "बेबीताई, पप्पांना डिप्रेशन आहे. त्यांना जरा फिरवून आण." नातेवाईक म्हणाले, जोडीदार गेल्यावर असे व्हायचेच. काहींनी तर डोळे टिपून म्हटले, काय प्रेम होते हो. त्यांच्या शोकाचे सगळ्यांनी इतके कौतुक केले, की त्यात आणखी काही असेल असे कुणाच्या डोक्यातच आले नाही.

मुलाचे ऐकून एका रविवारी मी त्यांना जवळजवळ ओढतच आबिड्सला नेले. फुटपाथवर एक जुना उर्दू कायदेकोश त्यांच्या हाती लागला. चेहरा उजळला. चार पाने उलटली असतील नसतील, पुस्तक तसेच ठेवले आणि इकडेतिकडे पाहू लागले. "पेशी आहे," म्हणाले. एवढ्या मोठ्या बाजारात, जिथे सुईपासून सोफ्यापर्यंत सगळे मिळते, तिथे म्हाताऱ्या माणसाला आडोसा मिळेना. शेवटी एका इराणी हॉटेलात शिरलो. वेटर दारातच आडवा आला. "बाथरूम कस्टमर के वास्ते है, चचा."

"कस्टमर की तारीफ क्या है?" आतोबांनी व्याख्या विचारली. "जो चाय पी चुका वो, के जो पीनेवाला है वो?"

प्रश्न नेहमीचा होता, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. मी चहा मागवला, ते आत गेले. माझ्या चहावर साय धरली तरी ते येईनात. आले ते भिंतीला हात लावत. कपाळावर घाम. माझ्या तोंडून नकळत आत्याचेच शब्द गेले, "काय झालं?"

"तारीख पडली." खुर्चीत बसून त्यांनी डोळे मिटले. "बेबी, आता रोजच पडायली. पोट फुटंल असं वाटतंय, आन् तिथं जाऊन उभा राहिलो की जज्जच येत नाही."

माझी पन्नाशी उलटली तरी मी त्यांना बेबीच. पण त्या दिवशी त्यांनी मला प्रथमच मोठ्या माणसासारखे काही सांगितले.

दुसऱ्या दिवशी अंबरपेठेतल्याच एका डॉक्टरकडे गेलो. त्यांनी मान वर न करता विचारले, "उमर?" आतोबांनी सांगितली. "उमर का है, साब," म्हणत डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली. वय हे काही निदान नव्हे. गुडघा दुखला तर वय, डोळा अंधुक झाला तर वय. असे असेल तर जन्मतारीख पाहूनच औषध द्यावे, एवढा मोठा बोर्ड लावून बसायचे कशाला? हे मी तिथे बोलले नाही. बोलायचे काम आयुष्यभर आतोबांचे होते, आणि ते तर खाली मान घालून चपला शोधत होते.

मग चौकशी करून मूत्रविकारांचे एक डॉक्टर शोधले. तरुण होते, महाराष्ट्रातून नवीनच आलेले, आणि मराठी. मला फार आनंद झाला. आतोबांना आपल्या भाषेत मोकळेपणी बोलता येईल, असे मला वाटले. तसे ते मोकळेपणी बोललेही.

"बोला आजोबा, काय त्रास होतोय?"

"आजोबा म्हणू नका. मी तुमच्या आईचा बाप नाही. पेशी वाढल्यात."

डॉक्टरांचा हात कागदावर थांबला. "पेशी वाढल्यात? हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे कुणी? मला कळत नाही का? आधी दिवसाला चार-पाच असायच्या. आता मोजदाद नाही."

"कुठे वाढल्यात म्हणाले? तपासणी कुठे झाली?"

"घरीच. बाहेर गेलो तर बाहेर. परवा आबिड्सला झाली."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज एकदम मऊ केला. "घाबरू नका. तुकडा काढून तपासला होता का? रिपोर्ट आणलाय?"

"कसला तुकडा? आन् रिपोर्ट कसला? निकाल लागतच नाही, नुसत्या तारखा."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाई, कॅन्सरचं निदान झालंय हे यांना माहीत आहे ना?"

आतोबांचा चेहरा कागदासारखा झाला. आणि माझ्या लक्षात आले, की शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात आपण जी पेशी शिकतो, शरीर जिच्यापासून बनते ती, हा भला माणूस त्या पेशीबद्दल बोलतो आहे. आतोबा उर्दू शाळेत शिकलेले. त्यांना ती पेशी ठाऊकच नव्हती. दोन मराठी माणसे समोरासमोर बसून शुद्ध मराठी बोलत होती, आणि त्यातून एक भलताच आजार तयार झाला होता.

"लघवी," मी म्हणाले. "डॉक्टर, ते लघवीबद्दल बोलताहेत."

आमच्या घराण्यात तो शब्द पुरुषांसमोर बाईने उच्चारल्याचे मला आठवत नाही. छत कोसळले नाही. डॉक्टर मागे रेलले आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. आतोबा माझ्याकडे असे पाहत होते, की जणू मी भर कोर्टात घरचा कागद दाखल केला आहे.

यापुढचे मात्र डॉक्टरांनी उत्तम केले. त्यांनी मला सगळे विचारून घेतले, पेशी, तारीख, अपील, आणि मग आतोबांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागले. सुरुवात व्हायला वेळ लागतो का? धार बारीक झाली आहे का? मध्ये थांबते का? झाल्यावरही शिल्लक राहिल्यासारखे वाटते का? रात्री किती वेळा उठता? आतोबा प्रत्येक प्रश्नाला साक्षीदारासारखे "हौ" म्हणत गेले. मग डॉक्टर म्हणाले, "वकीलसाहेब, मूत्राशयाच्या दाराशी एक ग्रंथी असते. प्रोस्टेट."

"गदूद," आतोबा म्हणाले.

"हां, गदूद. दारातला शिपाई समजा. वय झालं की तो सुटतो. दार तेवढंच, शिपाई जाडा. मग आतलं माणूस बाहेर कसं येणार?"

"मग त्याला निलंबित करा."

"करू. आधी चौकशी करावी लागेल."

त्या चौकशीत बोटाने तपासणी असते, हे ऐकल्यावर आतोबा उभेच राहिले आणि म्हणाले, "कोणत्या कलमाखाली?" बराच युक्तिवाद झाला. मी बाहेर जाऊन बसले. ते आले तेव्हा कुडत्याची बटणे लावत पुटपुटत होते, "पुरावा तपासायची ही काय रीत झाली? पण पोरगा हुशार आहे. माफी मागून मग तपासतो."

सोनोग्राफीच्या दिवशी त्यांना भरपूर पाणी पाजून बाकावर बसवले. ज्या माणसाचे दुखणेच धरता न येणे आणि सोडता न येणे हे आहे, त्यालाच पाणी पाजून 'धरून ठेवा' म्हणायचे. त्या बाकावर त्यांच्याच वयाचे बरेच जण बसले होते. पाय एकमेकांवर घट्ट, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि कुणी कुणाशी एक शब्द बोलत नव्हते. आतोबांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले आणि कित्येक महिन्यांनी मला त्यांचा जुना आवाज ऐकू आला. "बेबी, हे समदे एकाच दाव्यातले आहेत. आन् एकही बोलत नाही. शरम आली पाहिजे." घड्याळाकडे पाहणाऱ्या माणसांनी नजरा आणखी वर नेल्या.

लघवी करून आल्यावरही त्यांच्या मूत्राशयात इतकी शिल्लक होती, की तपासणाऱ्या डॉक्टरांनी यंत्र पुन्हा फिरवून पाहिले. मूत्रपिंडांना सूज चढू लागली होती. आणखी काही काळ असाच गेला असता, तर मूत्रपिंडेच निकामी झाली असती. रक्ताची तपासणीही झाली, कारण डॉक्टरांच्या पेशीची, म्हणजे कॅन्सरची, शंका बोटाच्या तपासणीने पुरती फिटली नव्हती. निकाल यायचा होता त्या दिवसांत आतोबांना लघवीसाठी नळी लावली होती आणि ते माझ्याच घरी होते. एका दुपारी मी न राहवून विचारले, "आतोबा, एवढं सगळं होत होतं, तर सांगितलं का नाही?"

"सांगत होतो की. तिला सांगत होतो."

"ती गेल्यावर?"

"कुणाला सांगू? पोराला फोनवर? ती विचारायची, म्हणून सांगायचो. नंतर कुणी विचारलंच नाही, बेबी. सगळ्यांनी एकच विचारलं, तिची फार आठवण येते का."

मी उठून त्यांच्यासाठी पाणी आणले. त्यांनी ते सगळे प्यायले.

निकाल चांगला आला. कॅन्सर नव्हता, नुसता सुटलेला शिपाई होता. पुढे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. त्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरला त्यांनी त्याची पदवी कुठली ते विचारून घेतले, आणि त्यानंतर जेवणातल्या इडलीबद्दल लेखी तक्रार केली. मला इतके बरे वाटले की मी घरी येऊन रडले.

बरे झाल्यावर आतोबांना नवा दावा मिळाला. शब्द न चावता ते आता कुठल्याही म्हाताऱ्याला थेट विचारत. ग्रंथालयात चहाचा पहिला घोट घेणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांना, "मास्तर, धार कशी आहे?" मास्तरांचा चहा मासिकांवर. देवळाच्या रांगेत पुढच्या माणसाला, "रात को कित्ते बार उठते?" लग्नात व्याह्यांना, अक्षता हातात असताना. माणसे त्यांना पाहून रस्ता बदलू लागली. मुलाने बंगळुरूहून मला फोन केला. "ताई, पप्पांना जरा समजाव ना. लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "म्हणू दे. तुझी चाळिशी झाली ना? तुझं काय आहे?" त्याने फोन ठेवला. पण शेजारचे बँकवाले गृहस्थ मात्र एक दिवस लाजत आले, डॉक्टरांचा पत्ता घेऊन गेले, आणि मास्तरही गेले, हे मला त्यांच्या बायकांकडून कळले. बायकांनी मला मिठाई दिली. का दिली ते दोघींपैकी एकीनेही सांगितले नाही.

गेल्या हिवाळ्यात आतोबा गेले. दुपारी आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचता वाचता, एखाद्या बातमीवर चिडलेले असतानाच. हृदय थांबले. त्याबद्दल मला कुणावर रागावता येत नाही, आणि तेच मला जड जाते.

शोकसभा ग्रंथालयाच्याच सभागृहात झाली. भाषणे झाली. त्यांच्या निःस्पृहपणाबद्दल, उर्दूबद्दल, करारी स्वभावाबद्दल लोक बोलले. ज्या एका गोष्टीसाठी ते शेवटची वर्षे भांडले, तिचा उल्लेख एकानेही केला नाही. मास्तरही कायद्यावरच बोलले. मी समोर बसून ऐकत होते आणि माझ्या मुठी आवळल्या जात होत्या.

सभा संपता संपता कोपऱ्यातून एक म्हातारे गृहस्थ उठले. शेरवानी, हातात काठी. आमच्यापैकी कुणीच त्यांना ओळखत नव्हते. ते माझ्याजवळ आले. "बेटी, आप वकीलसाब की कौन?" मी सांगितले. ते म्हणाले, "अखबार में फोटू देख के आया. मैं उनकू एकीच बार मिला. बस में. बाजू बैठे थे. मेरे कू पूछे, मियाँ, पेशाब बराबर होता क्या. मैं तो गुस्सा हो गया." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "घर में चार बेटे हैं, बेटी. कोई नै पूछा था."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, सभोवार पाहिले, आणि भरल्या सभागृहात, पांढऱ्या कपड्यांतल्या सगळ्या माणसांसमोर, खणखणीत आवाजात विचारले, "बेटी, पेशाबखाना किदर है?"

दोन-चार माना वर झाल्या आणि पुन्हा खाली गेल्या. मी उठले. बोळ अंधारा होता, म्हणून दिवा लावून त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेले आणि काठी धरून बाहेर उभी राहिले.